माद्रिद १९३६: पडणार म्हणून ठरलेलं शहर का पडलं नाही

प्रश्न असा आहे: स्पेनच्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १९३६ मध्ये, प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोचं सैन्य राजधानी माद्रिदच्या वेशीवर होतं, सरकार शहर सोडून गेलं होतं, काही परदेशी वार्ताहरांनी तर शहर पडल्याच्या बातम्याही पाठवून दिल्या होत्या. मग माद्रिद पडलं का नाही? आणि आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमुळे, म्हणजे सरकारच्या बाजूने लढायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांमुळे ते वाचलं, हे खरं का?

मी सैन्यात सॅपर होतो. पूल बांधणं, सुरुंग पेरणं आणि काढणं, हे माझं काम. नोकरीची शेवटची काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना शहरातली लढाई शिकवण्यात गेली, आणि त्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळा वापरलेलं उदाहरण माद्रिदचंच. म्हणून उत्तर जरा लांबेल, आणि जमिनीपासून सुरू होईल.

नकाशा काढा आणि माद्रिदकडे पश्चिमेकडून पाहा. शहर उंचवट्यावर वसलेलं आहे. त्याच्या पायथ्याशी मान्सानारेस नदी वाहते. नदी कसली, पुण्याच्या माणसाला मुठा आठवेल एवढीच. पण पात्राला बांधीव काठ आहेत, तळाला मऊ वाळू आहे, आणि पलीकडे लगेच चढ सुरू होतो. नदीच्या अलीकडे कासा दे काम्पो नावाचं सुमारे १,७०० हेक्टरांचं झाडीचं रान. पूर्वी ती राजाची शिकारीची जागा होती, १९३१ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर लोकांसाठी खुली झाली. वायव्येला विद्यापीठाचं नवं, अर्धवट बांधलेलं नगर. दक्षिणेला काराबांचेलसारख्या कामगारांच्या दाट वस्त्या. म्हणजे हल्लेखोराला दोनच वाटा: दक्षिणेच्या गल्ल्यांतून घराघरासाठी लढत नदीवरच्या पुलांपर्यंत यायचं, नाहीतर रानातून येऊन नदी ओलांडायची आणि चढ चढून शहराच्या डोक्यावर बसायचं. फ्रँकोच्या सेनापतीने, वारेलाने, दुसरी वाट निवडली. कागदावर ती निवड बरोबरच होती.

आता येणारं सैन्य कोण होतं ते पाहू. १७ जुलै १९३६ ला मोरोक्कोत लष्करी बंड झालं. तिथली आफ्रिकेची फौज, म्हणजे स्पॅनिश लीजन आणि मोरोक्कन रेग्युलारेस, हे स्पेनमधलं खरं लढाऊ, पगारी, कसलेलं सैन्य. जर्मन युंकर्स ५२ विमानांनी त्यातल्या हजारो सैनिकांना सामुद्रधुनी ओलांडून सेव्हियात आणून सोडलं. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीला ते ट्रकांत बसून उत्तरेला निघाले. त्यांची पद्धत ठरलेली होती. समोरून तोफा डागायच्या, वरून दोन-चार विमानं, आणि पायदळाने बगलेतून वळसा घालायचा. प्रजासत्ताकाच्या बाजूचे स्वयंसेवक रस्त्याला धरून उभे राहायचे, कारण त्यांना मोकळ्या माळावर लढायचं शिकवलेलं नव्हतं. बगलेवर गोळीबार सुरू झाला की मागे पळापळ. १४ ऑगस्टला बादाहोस पडलं आणि तिथे कैद्यांची जी कत्तल झाली तिची बातमी माणसांबरोबर पुढे पळत गेली. ३ सप्टेंबरला तालावेरा पडलं. तिथून माद्रिद १२० किलोमीटरसुद्धा नाही.

या महिन्याभराच्या घोडदौडीनंतर त्या सैन्याला वाटू लागलं की माद्रिदही असंच पडेल. ही चूक मी वर्गात पुन्हापुन्हा सांगत असे. मोकळ्या रानात मिळालेला विजय शहरात खपत नाही, कारण शहरात बगलच नसते. प्रत्येक घराची बगल शेजारचं घर सांभाळतं. वळसा घालून मागे जावं तर तिथेही घरच, आणि त्याच्याही खिडकीत कोणीतरी बंदूक घेऊन बसलेला. जो शेतकऱ्याचा किंवा सुताराचा मुलगा तालावेऱ्याच्या रस्त्यावर पळाला, तोच काराबांचेलमधल्या जिन्यावर पळत नाही. त्याला मागून कोणी येणार नाही याची खात्री असते, आणि बऱ्याचदा तो जिना त्याच्या मामाच्या घराचा असतो.

पण त्याआधी एक वळण आलं, आणि माझ्या मते लढाईचा निकाल तिथेच अर्धा लागला. २१ सप्टेंबरला फ्रँकोचं सैन्य माकेदा गावात होतं. तिथून एक रस्ता सरळ माद्रिदला जातो, दुसरा तोलेदोला. तोलेदोच्या अल्कासार किल्ल्यात कर्नल मोस्कार्दोची शिबंदी जुलैपासून वेढ्यात अडकली होती. फ्रँकोने माद्रिद सोडून तोलेदोकडे तोंड वळवलं. सप्टेंबरच्या अखेरीस किल्ल्याचा वेढा उठला, आणि १ ऑक्टोबरला बुर्गोसमध्ये फ्रँको बंडखोर स्पेनचा सर्वेसर्वा झाला. राजकारण म्हणून त्याने पुरेपूर वसूल केलं. सैनिकी हिशेबात मात्र त्याने माद्रिदला महिनाभराची उसंत दिली.

त्या महिन्याभरात काय काय आलं ते बघा. ऑक्टोबरच्या मध्यावर कार्ताहेना बंदरात सोव्हिएत जहाजातून ५० टी-२६ टँक उतरले. २९ ऑक्टोबरला सेसेन्याला त्यांचा पहिला हल्ला झाला. टँक गावातून आरपार गेले, पण मागून पायदळ पोचलंच नाही, म्हणून परत फिरावं लागलं. तरी आपल्याकडेही पोलाद आहे, हे लोकांनी पाहिलं. ४ नोव्हेंबरला माद्रिदच्या आकाशात सोव्हिएत आय-१५ लढाऊ विमानं दिसली. तोवर बॉम्बफेकी विमानांना अडवणारं जवळजवळ कोणी नव्हतं. याच काळात विस्कळीत स्वयंसेवक दलांना बांधून नियमित 'मिश्र ब्रिगेड' उभ्या करायला सुरुवात झाली. या मदतीची किंमत सरकारने रोख मोजली: ऑक्टोबरच्या अखेरीस बँक ऑफ स्पेनचं सुमारे ५१० टन सोनं कार्ताहेनाहून सोव्हिएत संघाकडे रवाना झालं.

६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पंतप्रधान लार्गो काबाय्येरो मंत्रिमंडळासह व्हॅलेन्सियाला निघून गेले. शहर जनरल होसे मियाहाच्या गळ्यात पडलं. त्याला आणि मध्य आघाडीचा सेनापती जनरल पोसासला एकेक बंद लिफाफा दिला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ च्या आधी उघडायचा नाही अशी ताकीद देऊन. त्यांनी तो आधीच उघडला म्हणून बरं, कारण लिफाफ्यांची अदलाबदल झाली होती. सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर दोघेही एकमेकांचे हुकूम हातात धरून वेगवेगळ्या गावांत बसले असते. मियाहाच्या हुकुमात होतं: माद्रिद काहीही करून राखा, आणि नाहीच जमलं तर कुएंकाच्या दिशेने माघार घ्या.

मियाहा ५८ वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, फारशी चमक न दाखवलेला अधिकारी. पण त्याच्या हाताखाली चीफ ऑफ स्टाफ म्हणून आला लेफ्टनंट कर्नल विसेंते रोहो, आणि या लढाईतला माझा नायक तोच. तोलेदोच्या पायदळ अकादमीत तो शिकवत असे. सप्टेंबरमध्ये अल्कासारमधल्या आपल्याच जुन्या सहकाऱ्यांना शरण यायचा प्रस्ताव द्यायला तो एकटा आत जाऊन आला होता. त्या रात्री रोहोपुढे प्रश्न अगदी प्राथमिक होते. कोणती तुकडी कुठे आहे? तिच्याकडे गोळ्या किती? टेलिफोन चालतो का? त्याने एकेका नाक्याशी संपर्क साधत रात्र काढली.

७ तारखेला एक इटालियन बनावटीचा छोटा टँक निकामी झाला आणि त्यातल्या मेलेल्या अधिकाऱ्याच्या अंगावर वारेलाचा हुकूम सापडला. त्यात सगळं होतं. दक्षिणेच्या पुलांवर फक्त हूल द्यायची, खरा घाव कासा दे काम्पोतून घालायचा, नदी ओलांडून विद्यापीठ आणि प्लासा दे एस्पान्याच्या मधला उंच भाग घ्यायचा, आणि तिथून शहरात उतरायचं.

अशा वेळी शंका येते: हा कागद मुद्दाम पेरलेला तर नाही? तो खोटा मानला आणि खरा निघाला तर शहर जातं, खरा मानला आणि खोटा निघाला तरी जातं. रोहोने तो जमिनीशी ताडून पाहिला. हुकूम ७ तारखेचा होता, पण त्यात लिहिलेली सुरुवातीची कामं शत्रूची अजून झालेलीच नव्हती. म्हणजे खरा हल्ला ८ ला येणार. आणि ती जमीन वाचणारा कुठलाही शहाणा सेनापती हीच वाट धरेल. एवढ्यावर त्याने रातोरात बळकट तुकड्या दक्षिणेकडून काढून कासा दे काम्पोसमोर उभ्या केल्या. ८ ला सकाळी वारेलाचे लोक झाडीतून पुढे आले तेव्हा त्यांची गाठ पळणाऱ्या जमावाशी पडली नाही.

तिथे उभे होते ते बहुतेक माद्रिदचेच लोक. कामगार संघटनांची दलं, कम्युनिस्टांच्या 'पाचव्या रेजिमेंट'मध्ये घडलेले, सरकारशी एकनिष्ठ राहिलेले थोडे सैनिक आणि पोलीस. न्हाव्यांच्या संघटनेची स्वतःची पलटण होती, 'फिगारो' नावाची. काही ठिकाणी बंदुका कमी आणि माणसं जास्त होती, म्हणून पडलेल्याची बंदूक उचलायला दुसरा मागे थांबलेला असे. बाया आणि पोरं रस्त्याचे दगड उखडून अडथळे रचत होती. सैनिक ट्रामने आघाडीवर जात होते. हे वाचायला गोड वाटतं, पण रसदीच्या दृष्टीने त्याला मोठा अर्थ आहे. लढणाऱ्याचं जेवण, दवाखाना आणि राखीव कुमक ट्रामच्या अंतरावर होती, तर हल्लेखोराची रसद शेकडो किलोमीटर लांबून येत होती.

आता आंतरराष्ट्रीय ब्रिगेडकडे येऊ. क्लेबर या नावाने वावरणाऱ्या मानफ्रेड श्टेर्नच्या हाताखालची ११ वी ब्रिगेड ८ नोव्हेंबरला ग्रान व्हियावरून संचलन करत गेली. माणसं सुमारे १,९००. जर्मन, फ्रेंच, बेल्जियन, पोलिश. लोकांना वाटलं रशियन आले, आणि त्यांनी बाल्कन्यांतून तशाच घोषणा दिल्या. ही ब्रिगेड मोर्चावर पोचेपर्यंत पहिला, सगळ्यात घातक दिवस माद्रिदच्या माणसांनी निभावून नेला होता. म्हणून 'परदेशी स्वयंसेवकांनी माद्रिद वाचवलं' हे वाक्य मला त्या न्हाव्यांवर आणि ट्राम कामगारांवर अन्याय करणारं वाटतं. पण उलट टोकालाही जाऊ नका. त्या परदेशी लोकांत पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवलेले अनेक होते. आड कशी घ्यायची, गोळ्या जपून कशा वापरायच्या, हे शेजारच्या मोर्चातल्या स्पॅनिश पोरांनी त्यांच्याकडे बघून उचललं. ९ तारखेला त्यांनी कासा दे काम्पोत संगिनी लावून प्रतिहल्ला केला, आणि त्यात त्यांची फार मोठी हानी झाली.

आपल्याकडे हा विषय निघाला की नागपूरच्या गोपाळ मुकुंद हुद्दारांचं नाव निघतं आणि ते माद्रिदला लढले असं सांगितलं जातं. ते दुरुस्त करायला हवं. लंडनला पत्रकारिता शिकायला गेलेले हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने ब्रिगेडमध्ये दाखल झाले ते पुढे, आणि १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले जाऊन बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या कैदी छावणीत राहिले. माद्रिदशी आपला दुसरा एक धागा आहे, तो वैद्यकीय. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदला आले आणि बाटल्यांतलं साठवलेलं रक्त आघाडीवरच्या जखमींपर्यंत गाडीने नेण्याची व्यवस्था त्यांनी तिथे उभी केली. हेच बेथ्यून पुढे चीनला गेले, तिथे १९३९ मध्ये वारले, आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी उचलली.

१५ नोव्हेंबरला बंडखोरांच्या असेन्सियोच्या तुकडीने नदी ओलांडलीच. टँक वाळूत रुतले, पण पायदळ पाण्यातून चालत पार झालं आणि विद्यापीठ नगरात घुसलं. त्या पट्ट्यात अरागॉनहून नुकतेच आलेले, थकलेले, दुरुती या नेत्याच्या हाताखालचे अराजकवादी होते. त्यांच्यावर आजवर बरंच खापर फुटलं आहे. अनोळखी जमिनीवर, विश्रांती न देता उभ्या केलेल्या तुकडीबद्दल मी तरी कठोर बोलणार नाही. स्वतः दुरुती १९ तारखेला क्लिनिको रुग्णालयाजवळ गोळी लागून पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

पुढचा आठवडा म्हणजे शहरी लढाईचा सगळा अभ्यासक्रमच. वास्तुकला विद्यालय बंडखोरांचं, तत्त्वज्ञान विभाग प्रजासत्ताकाचा. क्लिनिकोत एका मजल्यावर मोरोक्कन सैनिक, दुसऱ्यावर ब्रिगेडवाले. लिफ्टमध्ये बॉम्ब ठेवून ती शत्रूच्या मजल्यावर पाठवल्याचं सांगितलं जातं. तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्यांत ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ रचून आडोसे केले होते. ज्या फौजेने महिन्यात शेकडो किलोमीटर तोडले होते, ती आता दिवसाला एक जिना चढत होती, आणि एकेका जिन्याला तिची वर्षानुवर्षं घडवलेली माणसं खर्ची पडत होती. तशी माणसं पुन्हा भरती होत नाहीत. २३ नोव्हेंबरला लेगानेसला बैठक झाली आणि फ्रँकोने समोरासमोरचा हल्ला थांबवला.

त्याच दिवसांत आकाशातून वेगळी लढाई चालू होती. जर्मन आणि इटालियन विमानांनी वस्त्यांवर रात्रंदिवस बॉम्ब टाकले, श्रीमंतांचा सालामांका भाग मात्र वगळून. १६ तारखेला प्राडो संग्रहालयावर बॉम्ब पडले, १७ ला लिरिया राजवाडा जळाला. प्राडोतली चित्रं ट्रकांतून व्हॅलेन्सियाला आणि शेवटी १९३९ मध्ये जिनिव्हाला गेली. लोक मेट्रोच्या फलाटांवर झोपू लागले. घाबरवून शहर वाकवायचा हा युरोपातल्या मोठ्या राजधानीवरचा मोठा प्रयोग, आणि तो फसला. पळून जायला जागा नसलेल्या माणसाला घाबरवून काही मिळत नाही.

माद्रिदबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळली तर सगळं उत्तर खोटं होईल. बंडखोर सेनापती मोलाने म्हटल्याचं सांगतात की चार फौजा बाहेरून येत आहेत आणि पाचवी शहराच्या आतच आहे. 'पंचमस्तंभी' हा मराठीतला शब्द तिथूनच आला. त्या भीतीपोटी ७ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत माद्रिदच्या तुरुंगांतून बंडाच्या समर्थकांना, आणि केवळ संशयितांनाही, बसमधून बाहेर नेऊन पाराकुएयोस आणि तोरेहोन इथे गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा दोन हजारांच्या वर आहे. ज्या रात्री रोहो तुकड्या शोधत होता, त्याच्या लगोलगची ही सकाळ. शत्रू वेशीवर होता म्हणून हे समजून घ्यावं, असं मी मानत नाही. ते थांबवलं तेही त्याच बाजूच्या माणसाने: मेल्चोर रोद्रिगेस या अराजकवाद्याने तुरुंगांचा कारभार हाती घेऊन ही ने-आण बंद केली.

यापुढे फ्रँकोने शहराला वळसा घालून तोडायचा प्रयत्न केला: कोरुन्या रस्ता, फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामा, मार्चमध्ये ग्वादालाहारा. तिन्ही वेळा जमलं नाही. मग युद्ध उत्तरेला सरकलं.

माझ्या धंद्याची लढाई मात्र तेव्हा सुरू झाली. विद्यापीठ नगरात दोन्ही बाजूंचे खंदक काही ठिकाणी आवाज ऐकू येईल इतके जवळ होते. वर डोकं काढता येत नव्हतं, म्हणून लोक खाली गेले. क्लिनिकोखाली भुयारं खणून सुरुंग उडवायचे, समोरच्याने त्याला छेद देणारं भुयार खणायचं, असं दोन वर्षांहून जास्त चाललं. या कामात कुदळीचा आवाज ऐकू आला तर माणूस निश्चिंत असतो. आवाज बंद झाला की पोटात गोळा येतो, कारण खणणं संपलं आणि आता स्फोटकं भरताहेत असा त्याचा अर्थ. बंडखोरांचा नदीपलीकडचा हा तुकडा एका अरुंद पादचारी पुलाच्या जोरावर तगून होता. त्यावर सतत गोळीबार होई, म्हणून त्याला मृत्यूचा पूल म्हणत. वेस्ट पार्कमध्ये त्या काळातली तीन काँक्रीटची बंकरं अजून उभी आहेत. मी गेलो तेव्हा त्यांच्या शेजारी पोरं चेंडू खेळत होती.

शहराला हरवलं ते भुकेने आणि आतल्या फुटीने. कोळसा नाही, भाकरी मोजून, आणि रोजची मसूर. त्या मसुरीला लोक तेव्हाच्या नव्या पंतप्रधानांच्या नावाने 'डॉ. नेग्रीनच्या गोळ्या' म्हणत. ५ मार्च १९३९ ला प्रजासत्ताकाच्याच कर्नल कासादोने नेग्रीनच्या सरकारविरुद्ध बंड केलं, आणि ज्या रस्त्यांवर फ्रँकोला अडवलं तिथे प्रजासत्ताकाचेच सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत राहिले. मियाहाही कासादोच्या बाजूला गेला आणि शेवटी देश सोडून निघाला.

२८ मार्च १९३९ ला दुपारी कर्नल प्रादाने माद्रिदच्या फौजेची शरणागती दिली. जागा होती विद्यापीठ नगरात, क्लिनिको रुग्णालयाच्या ढिगाऱ्यापाशी. नोव्हेंबर १९३६ मध्ये असेन्सियोचे लोक जिथपर्यंत पोचले होते, तीच.